इंग्रजी वाक्य फोडायचं कसं: मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी क्लॉजची पायरी-पायरीने ओळख

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेलं मूल अकरावी सायन्सला जातं, भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडतं आणि अडतं. बहुतेक शब्द ओळखीचे असतात, नसतील ते डिक्शनरीत सापडतात. तरी तीन ओळींचं वाक्य संपेपर्यंत कोणी काय केलं ते हाती लागत नाही. चोपड्याला फार्मसी शिकणारा, धुळ्यात नर्सिंग करणारी, पुण्याच्या कंपनीचा ई-मेल उघडून बसलेला शहाद्याचा मुलगा, सगळ्यांचं दुखणं हेच. शब्द पुरेसे असतात, वाक्याचा सांगाडा दिसत नाही.

तो दिसायला लागतो क्लॉज, म्हणजे उपवाक्य, कळल्यावर. शाळेत क्लॉजची व्याख्या पाठ होते आणि विषय तिथेच मिटतो. टेन्सचे बारा तक्ते मात्र वर्षानुवर्षं घोकून घेतले जातात. माझं मत ठाम आहे: तक्त्यांच्या आधी क्लॉज यायला हवा. वाक्यात क्रियापद कुठे आहे तेच दिसत नसेल, तर त्याचा काळ ओळखून करायचं काय?

मी यावल तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकले. घरात लेवा बोली, शाळेत मराठी, आणि इंग्रजी फळ्यावर. आता जळगावात संध्याकाळी मुलांना इंग्रजी शिकवते. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत ज्या क्रमाने त्या डोक्यात बसतात. क्रम बदलू नका.

जवळ काय काय हवं

- एक जाड वही, एक लाल पेन, एक निळा पेन आणि पेन्सिल. क्रियापद लाल, जोडशब्द निळा, बाकी सगळं पेन्सिलने. रंग गंमत म्हणून सांगत नाही, पुढे मोजायचं आहे.
- बालभारतीचं आठवी ते दहावीचं कोणतंही इंग्रजीचं पुस्तक. जुनं असलं तरी चालेल. घरात नसेल तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळते.
- इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, शिकणाऱ्यांसाठी असलेला. ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरी मोबाइलवर फुकट पाहता येते. इंग्रजी-मराठी कोश अर्थ सांगतो, पण क्रियापद वाक्यात कसं बसतं हे लर्नर्स डिक्शनरीतल्या उदाहरणांतूनच कळतं.
- तपासून देणारं एक माणूस. शिक्षक, मोठी बहीण, कॉलेजातला मित्र, कोणीही.

या लेखातली इंग्रजी वाक्यं देवनागरीत आहेत. वहीत उतरवताना ती इंग्रजी लिपीत लिहा, म्हणजे स्पेलिंगही पक्कं होईल.

१. सगळ्यात आधी क्रियापद शोधा

इंग्रजी वाक्य डावीकडून वाचत अर्थ लावत जाण्याची सवय सोडा. आधी फक्त क्रियापद शोधा. तेही कोणतंही नाही, काळ दाखवणारं. त्याला फायनाइट व्हर्ब म्हणतात. ज्या शब्दसमूहात कर्ता आणि त्याचं असं एक क्रियापद असतं, तो क्लॉज. आपल्या व्याकरणात त्यालाच उपवाक्य म्हणतात.

फायनाइट व्हर्ब ओळखायची साधी चाचणी अशी: वाक्याचा काळ बदलून पाहा. जो शब्द बदलतो तो फायनाइट.

'ही वॉन्ट्स टू सेल द बनानाज.' हे कालचं करा: 'ही वॉन्टेड टू सेल द बनानाज.' 'वॉन्ट्स' बदललं, 'सेल' जसंच्या तसं राहिलं. म्हणजे फायनाइट एकच, क्लॉज एकच. 'टू' लागलेलं क्रियापद कधीच मोजायचं नाही. मागे 'इज', 'वॉज' असं काही नसलेलं 'आयएनजी'चं रूपही मोजायचं नाही.

क्रियापदांची साखळी असेल तर ती मिळून एकच. 'हॅज बीन वेटिंग', 'वुड हॅव गॉन', 'इज बीइंग लोडेड' या प्रत्येकात शब्द तीन-तीन असले तरी काळ दाखवणारा पहिलाच असतो. 'कॅन', 'विल', 'मस्ट', 'शुड' यांच्यापासून सुरू होणारी साखळीही एकच धरा.

कान तयार करायला भुसावळ स्टेशनसारखी दुसरी जागा नाही. गाडीची वाट पाहत बसला असाल तर इंग्रजी घोषणा ऐका. गाडीचा नंबर, नाव, कुठून कुठे, असं बरंच काही सांगून झाल्यावर 'इज अरायव्हिंग ऑन प्लॅटफॉर्म नंबर' अमुक, असं येतं. एवढ्या लांब वाक्यात फायनाइट एकच, 'इज'. बाकी सगळं कोणत्या गाडीबद्दल बोलणं चाललंय तेवढंच सांगतं.

एक सापळा इथेच सांगून ठेवते. क्रियापदाचं तिसरं रूप पुष्कळदा भूतकाळासारखंच दिसतं. 'द कॉटन सोल्ड इन द मार्केट येस्टरडे वॉज वेट.' इथे 'सोल्ड' दिसताच मुलं लाल रेघ मारतात आणि पुढे 'वॉज' आल्यावर गोंधळतात. विचारा: कापसाने काही विकलं का? नाही, कापूस विकला गेला. म्हणजे 'सोल्ड'च्या आधी 'दॅट वॉज' दडलेलं आहे आणि तो शब्द इथे विशेषणाचं काम करतो. फायनाइट एकच, 'वॉज'. बाजारात काल विकलेला कापूस ओला होता, एवढंच ते वाक्य.

२. प्रत्येक क्रियापदाला कर्ता द्या

मराठीत 'गेलो होतो, भेटले नाहीत, परत आलो' असं म्हटलं की सगळं समजतं. कोण गेलं, कोण भेटलं नाही, हे क्रियापदाच्या रूपातच आहे. इंग्रजीत 'वेंट' या शब्दावरून मी, तू, ते, कोण गेलं ते कळत नाही. म्हणून कर्ता लिहावाच लागतो. लाल रेघ मारलेल्या प्रत्येक क्रियापदाकडे बोट दाखवून 'कोण?' किंवा 'काय?' विचारा. उत्तर वाक्यात सापडलं नाही तर वाक्य अपुरं आहे.

कर्ता म्हणावा असं काहीच नसतं तिथेही इंग्रजी जागा रिकामी सोडत नाही. 'आज फार ऊन आहे' हे 'इट इज व्हेरी हॉट टुडे' होतं. 'विहिरीत पाणी नाही' हे 'देअर इज नो वॉटर इन द वेल' होतं. मे महिन्यात जळगावात राहणाऱ्याला पहिल्या वाक्याचा सराव वेगळा करायला नको.

'मला', 'त्याला' ने सुरू होणारी मराठी वाक्यं जपून हाताळा. 'मला भूक लागली' मध्ये व्याकरणाने कर्ता भूक आहे. इंग्रजीत मात्र 'आय ॲम हंग्री', कर्ता मी. 'मला हे गाणं आवडतं' मध्ये गाणं कर्ता, 'आय लाइक धिस साँग' मध्ये मी. अशी वाक्यं वहीच्या एका पानावर वेगळी गोळा करा, पान लवकर भरेल.

शब्दांचा क्रम तुम्हाला माहीत आहे: मराठीत कर्ता, कर्म, क्रियापद, इंग्रजीत कर्ता, क्रियापद, कर्म. अहिराणीतही 'मी शायमा जास' म्हणताना क्रियापद शेवटीच येतं. भिली-पावरी बोलणाऱ्या मुलांचंही तसंच. म्हणून घरात कोणती बोली बोलता याने इंग्रजी शिकताना काही बिघडत नाही. खान्देशातल्या सगळ्या बोलींची आणि प्रमाण मराठीची सुरुवात एकाच रेघेवरून होते. वर्गात बोलीवरून कोणी हसलं तर त्याला हे सांगा.

३. क्रियापदं मोजा, एक वजा करा, तेवढेच जोडशब्द ठेवा

एकच पायरी लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. इंग्रजीत दोन क्लॉज जोडायला एक जोडशब्द लागतो, तीन जोडायला दोन, चार जोडायला तीन. आगगाडीला दहा डबे जोडायचे तर कपलिंग नऊच लागतात, तसं. क्लॉज जितके, त्यापेक्षा जोडशब्द एक कमी.

मराठीची रीत वेगळी आहे. आपण दोन्ही बाजूंना शब्द ठेवतो. जेव्हा आणि तेव्हा, जर आणि तर, जरी आणि तरी, जिथे आणि तिथे, जो आणि तो. मराठीत ते डौलदार आहे आणि बरोबरही. इंग्रजी लिहिताना ही जोडी तशीच उतरते आणि वाक्य मोडतं. आपल्याकडच्या मुलांच्या इंग्रजी वहीत लाल खुणा सर्वांत जास्त याच जागी असतात.

चूक: 'ऑल्दो द रेन्स वेअर लेट, बट द कॉटन वॉज गुड.' क्रियापदं दोन, जोडशब्दही दोन. एक काढा. 'ऑल्दो द रेन्स वेअर लेट, द कॉटन वॉज गुड.' किंवा 'द रेन्स वेअर लेट, बट द कॉटन वॉज गुड.' दोन्ही बरोबर. जुन्या व्याकरणांत 'दो' आणि 'येट' अशी जोडी आढळते. आजच्या लिखाणात ती टाळलेली बरी.

चूक: 'बिकॉज द बस वॉज लेट, सो आय मिस्ड द इंटरव्ह्यू.' कारण आणि म्हणून, दोन्ही आले. 'बिकॉज' ठेवा नाहीतर 'सो'.

चूक: 'व्हेन आय रीच्ड धुळे, देन इट वॉज रेनिंग.' इथलं 'देन' म्हणजे आपलं 'तेव्हा', काढून टाका. 'इफ'नंतर 'देन' इंग्रजीत चालतं, पण रोजच्या लिखाणात त्याची गरज पडत नाही.

मुलाखतीत हमखास ऐकू येणारी चूक: 'आय वॉन्ट टू आस्क दॅट व्हेन शुड आय जॉइन?' मराठीत 'मला विचारायचं आहे की कधी रुजू व्हायचं', त्यातला 'की' इंग्रजीत 'दॅट' होऊन आला. फायनाइट दोन, 'वॉन्ट' आणि 'शुड'. म्हणून जोडशब्द एकच, 'व्हेन'. बरोबर वाक्य: 'आय वॉन्ट टू आस्क व्हेन आय शुड जॉइन.' 'दॅट व्हाय', 'दॅट व्हेअर', 'दॅट हाउ' अशा जोड्या दिसल्या की 'दॅट' खोडा.

जो-तो ची तर वेगळीच तऱ्हा. 'जो व्यापारी काल आला होता तो सावद्याचा आहे.' याचं 'द ट्रेडर हू केम येस्टरडे ही इज फ्रॉम सावदा' असं होतं. मोजा: 'केम' आणि 'इज', दोन क्रियापदं. जोडशब्द 'हू', एक. हिशोब जुळला, तरी वाक्य चूक, कारण 'इज'ला दोन कर्ते मिळाले: 'द ट्रेडर' आणि 'ही'. हा 'ही' म्हणजे आपला 'तो'. काढा. 'द ट्रेडर हू केम येस्टरडे इज फ्रॉम सावदा.' म्हणूनच दुसरी पायरी तिसऱ्याच्या आधी आहे.

मोजताना चार गोष्टी सांभाळा.

'आयदर–ऑर', 'नॉट ओन्ली–बट ऑल्सो', 'नो सूनर–दॅन' या इंग्रजीच्या स्वतःच्या जोड्या आहेत. जोडी मिळून एक जोडशब्द धरा.

'जितका–तितका' साठी इंग्रजीही दोन्हीकडे शब्द ठेवते: 'द मोअर यू रीड, द मोअर यू लर्न.'

कामांची यादी असेल तर मधला स्वल्पविराम जोडशब्दाचं काम करतो. 'आय गॉट अप, टुक अ बाथ, पॅक्ड माय टिफिन अँड केम टू द बस स्टँड.' क्रियापदं चार, 'अँड' एक, स्वल्पविराम दोन. हिशोब पूर्ण.

आणि 'हाउएव्हर', 'देअरफोर' हे जोडशब्द नाहीत. यांनी दोन क्लॉज जोडले जात नाहीत. 'द रोड वॉज क्लोज्ड, देअरफोर वी रिटर्न्ड' हे वाक्य म्हणून चूक. 'क्लोज्ड'नंतर पूर्णविराम द्या, नाहीतर 'देअरफोर' काढून 'सो' घाला. बरोबरीचे क्लॉज जोडणारे शब्द फक्त सात: 'फॉर', 'अँड', 'नॉर', 'बट', 'ऑर', 'येट', 'सो'. इंग्रजी पहिल्या अक्षरांवरून त्यांना 'फॅनबॉइज' म्हणतात.

४. मुख्य क्लॉज कोणता ते ठरवा

जोडशब्दांभोवती निळी चौकट केल्यावर हे सोपं होतं. ज्या क्लॉजच्या तोंडाशी 'व्हेन', 'इफ', 'बिकॉज', 'ऑल्दो', 'दॅट', 'हू', 'विच' यांपैकी कोणी बसलेलं आहे, तो गौण क्लॉज. ज्याच्या तोंडाशी कोणी नाही, तो मुख्य. मुख्य एकटा उभा राहतो, गौण राहत नाही.

'द ट्रेडर हू बॉट अवर बनानाज सेड दॅट ही वुड पे व्हेन द ट्रक रीच्ड दिल्ली.' रावेर-सावद्याच्या घराघरात हे वाक्य मराठीतून बोललं जातं. फायनाइट: 'बॉट', 'सेड', 'वुड पे', 'रीच्ड'. चार. जोडशब्द: 'हू', 'दॅट', 'व्हेन'. तीन. 'सेड'च्या क्लॉजला जोडशब्द नाही, म्हणून मुख्य क्लॉज 'द ट्रेडर सेड', व्यापारी म्हणाला. कोणता व्यापारी, ते 'हू' सांगतं. काय म्हणाला, ते 'दॅट' सांगतं. पैसे कधी, ते 'व्हेन' सांगतं. वाक्य कितीही लांब असो, मुख्य क्लॉज सापडला की बाकीचे आपोआप जागेवर बसतात.

लिहिताना तीन सापळे.

पूर्णविराम देऊन गौण क्लॉज एकटा सोडू नका. 'आय कुड नॉट कम. बिकॉज द रोड वॉज क्लोज्ड.' बोलताना चालतं, अर्जात चालत नाही.

गौण क्लॉज आधी आला तर त्याच्यानंतर स्वल्पविराम द्या. मुख्य आधी आला तर बहुतेक वेळा लागत नाही.

'जेव्हा', 'जर' वाल्या क्लॉजमध्ये भविष्यकाळाचं 'विल' घालू नका. 'भुसावळला पोचलो की फोन करेन' याचं 'आय विल कॉल यू व्हेन आय विल रीच भुसावळ' होत नाही. 'आय विल कॉल यू व्हेन आय रीच भुसावळ.' 'विल' फक्त मुख्य क्लॉजमध्ये. 'अनलेस'च्या पोटात 'नाही' आधीच आहे, म्हणून 'अनलेस यू डोन्ट कम' लिहू नका, 'अनलेस यू कम' पुरे.

५. गौण क्लॉज काय काम करतो ते पाहा

कामं तीनच: नामाचं, विशेषणाचं, क्रियाविशेषणाचं. मराठी व्याकरणात नामवाक्य, विशेषणवाक्य आणि क्रियाविशेषणवाक्य शिकला आहात, तेच हे. क्रियाविशेषणाचं काम करणारे म्हणजे कधी, का, कसं, कोणत्या अटीवर हे सांगणारे. ते वर येऊन गेले. उरलेल्या दोघांकडे नीट पाहू.

नामाचं काम करणारा क्लॉज 'काय?' या प्रश्नाचं उत्तर असतो. इथे दोन ठिकाणी ठेच लागते. पहिली, प्रश्नाचा क्रम. 'तो कुठे राहतो मला माहीत नाही' याचं 'आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह' करतात. इथे आपण कोणाला प्रश्न विचारत नाही, म्हणून 'डज' येत नाही आणि कर्ता क्रियापदाच्या आधी राहतो: 'आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ज.' दुसरी ठेच जास्त नुकसान करणारी. मराठीत 'बाबा म्हणाले की मी उद्या जळगावला जाईन' असं म्हटलं तर मी म्हणजे बाबा, हे सगळ्यांना कळतं. इंग्रजीत 'माय फादर सेड दॅट आय वुड गो' लिहिलं की जाणारे तुम्ही ठरता. 'दॅट' आलं की 'आय'चा 'ही' करायचा. बँकेच्या किंवा कोर्टाच्या अर्जात या एका शब्दाने जबाबदारी एकाची दुसऱ्यावर जाते, म्हणून तिथे दोनदा वाचा.

विशेषणाचा क्लॉज मराठीत नामाच्या आधी येतो, इंग्रजीत नामाला चिकटून लगेच नंतर. 'ज्या शेतकऱ्याची केळी वादळात आडवी झाली, त्याने अर्ज केला.' इंग्रजीत आधी 'द फार्मर', मग 'हूज बनाना प्लान्ट्स फेल इन द स्टॉर्म', मग 'अप्लाइड'. मधला तुकडा कितीही लांबला तरी 'अप्लाइड'चा कर्ता 'द फार्मर'च. क्रियापद एकवचनी की अनेकवचनी हे ठरवताना मधला तुकडा बोटाने झाका. 'द मॅन हू ओन्स दीज फील्ड्स लिव्ज इन सुरत' मध्ये 'फील्ड्स' शेजारी आहेत म्हणून 'लिव्ह' करू नका. राहणारा माणूस एकच आहे.

स्वल्पविरामाने इथे अर्थ बदलतो. 'माय ब्रदर हू लिव्ज इन सुरत इज अ ड्रायव्हर' म्हणजे भाऊ एकाहून जास्त आहेत, त्यांतला सुरतचा ड्रायव्हर. 'ब्रदर'नंतर आणि 'सुरत'नंतर स्वल्पविराम दिले तर भाऊ एकच, आणि तो सुरतला राहतो ही जोडमाहिती.

'हूम', 'विच', 'दॅट' कधी कधी गाळलेही जातात. 'द मोबाइल आय बॉट' मध्ये 'दॅट' लिहिलेलं नाही, पण आहे. मोजताना जोडशब्द एक कमी पडला तर दोन नामं, किंवा एक नाम आणि एक सर्वनाम, शेजारी-शेजारी कुठे आली आहेत ते पाहा. गाळलेला शब्द तिथे सापडतो. 'सेड', 'थिंक', 'नो' नंतरचं 'दॅट'ही असंच गाळतात.

६. 'करून' आणि 'करताना' जपून

'आई भाकरी करून शेतात गेली.' इंग्रजीत सरळ दोन क्रियापदं ठेवा: 'माय मदर मेड भाकरीज अँड वेंट टू द फील्ड.' 'बाय मेकिंग भाकरीज' लिहिलं तर भाकरी हे शेतात जायचं साधन होतं.

'करताना' यापेक्षा अवघड. 'पांझरेचा पूल ओलांडताना पाऊस सुरू झाला.' मराठीत काहीच वावगं नाही. 'क्रॉसिंग द पांझरा ब्रिज, द रेन स्टार्टेड' असं लिहिलं तर इंग्रजी वाचणारा पुढच्या क्लॉजचा कर्ताच पूल ओलांडतोय असं समजतो, म्हणजे पाऊस. सुरुवातीच्या 'आयएनजी'चा आणि मुख्य क्लॉजचा कर्ता एकच असेल तरच ही रचना वापरा. नसेल तर पूर्ण क्लॉज करा: 'व्हाइल वी वेअर क्रॉसिंग द ब्रिज, इट स्टार्टेड टू रेन.'

७. परीक्षेसाठी: सिम्पल, कॉम्प्लेक्स, कंपाउंड

केवल, मिश्र आणि संयुक्त वाक्य हेच. ओळखायला मोजणी पुरते. फायनाइट एक, तर सिम्पल. दोन किंवा जास्त आणि गौण जोडशब्द असला, तर कॉम्प्लेक्स. दोन किंवा जास्त आणि सातांपैकी जोडशब्द, तर कंपाउंड.

सिम्पल: 'द क्रॉप फेल्ड बिकॉज ऑफ द लेट रेन्स.'
कॉम्प्लेक्स: 'द क्रॉप फेल्ड बिकॉज द रेन्स वेअर लेट.'
कंपाउंड: 'द रेन्स वेअर लेट, सो द क्रॉप फेल्ड.'

'बिकॉज' नंतर क्लॉज येतो, 'बिकॉज ऑफ' नंतर नाम. तसंच 'ऑल्दो' नंतर क्लॉज, 'डिस्पाइट' आणि 'इन स्पाइट ऑफ' नंतर नाम. रूपांतराचे बरेचसे गुण या दोन ओळींवर मिळतात. 'नो सूनर' वाक्याच्या सुरुवातीला आलं की सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं: 'नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट.' 'डिड' आल्यावर 'रँग' नाही, 'रिंग'.

८. रोजचा सराव

बालभारतीच्या धड्यातला एक परिच्छेद घ्या. लाल, निळा, मोजणी, मुख्य क्लॉज, या क्रमाने. भाषांतर शेवटी. आठवीच्या पुस्तकापासून सुरू करा आणि घाईने वर जाऊ नका. धडा सोपा वाटायला लागला की मग इंग्रजी वर्तमानपत्राची पहिल्या पानावरची बातमी. मोबाइलवरचं भाषांतर आधी उघडू नका. ते अर्थ लगेच हाती देतं आणि सांगाडा शोधायचं काम तसंच राहून जातं.

सुरुवातीला ही पाच वाक्यं फोडा, उत्तरं झाकून.

अ. 'द तापी राइजेस नियर मुलताई अँड फ्लोज इनटू द अरेबियन सी.'
आ. 'बहिणाबाई, हू वॉज बॉर्न इन असोदे, कुड नॉट रीड ऑर राइट, बट हर पोएम्स आर टॉट इन स्कूल्स टुडे.'
इ. 'आफ्टर लीव्हिंग भुसावळ, द ट्रेन टर्न्ड टुवर्ड्स नागपूर.'
ई. 'व्हेन अ बॉडी फॉल्स फ्रीली, द ओन्ली फोर्स दॅट ॲक्ट्स ऑन इट इज ग्रॅव्हिटी.'
उ. 'द बुक आय बॉट इन जळगाव एक्सप्लेन्स व्हॉट अ क्लॉज इज.'

उत्तरं:

अ. फायनाइट दोन, 'राइजेस' आणि 'फ्लोज'. जोडशब्द 'अँड'. दोघांचा कर्ता तापी, एकदाच लिहिलेला. कंपाउंड.

आ. फायनाइट तीन: 'वॉज बॉर्न', 'कुड रीड ऑर राइट', 'आर टॉट'. जोडशब्द दोन: 'हू' आणि 'बट'. 'ऑर' मोजू नका, ते एकाच 'कुड'खालची 'रीड' आणि 'राइट' ही दोन रूपं जोडतं, क्लॉज जोडत नाही. 'हू'च्या क्लॉजला दोन्हीकडे स्वल्पविराम आहेत, कारण बहिणाबाई कोण हे आधीच ठरलेलं आहे. मुख्य क्लॉज दोन, त्यांना जोडणारा 'बट', शिवाय एक गौण. अशा वाक्याला कंपाउंड-कॉम्प्लेक्स म्हणतात.

इ. फायनाइट एकच, 'टर्न्ड'. 'आफ्टर' जोडशब्दासारखा दिसतो, पण त्याच्यापुढे कर्ता नाही, 'लीव्हिंग' आहे. सिम्पल. भुसावळ सोडणारी आणि वळणारी गाडी एकच, म्हणून सहाव्या पायरीचा नियमही पाळला गेला.

ई. फायनाइट तीन: 'फॉल्स', 'ॲक्ट्स', 'इज'. जोडशब्द दोन: 'व्हेन', 'दॅट'. मुख्य क्लॉज 'द ओन्ली फोर्स इज ग्रॅव्हिटी'. अकरावीच्या पुस्तकातली बरीच वाक्यं याच घडणीची असतात: आधी अट, मग कर्ता, कर्त्याला चिकटलेला क्लॉज, आणि मग मुख्य क्रियापद. 'इट' म्हणजे 'बॉडी', हेही तपासून घ्या.

उ. फायनाइट तीन: 'बॉट', 'एक्सप्लेन्स', 'इज'. दिसणारा जोडशब्द एकच, 'व्हॉट'. दुसरा 'द बुक' आणि 'आय' यांच्यामध्ये गाळलेला 'दॅट'. मुख्य क्लॉज 'द बुक एक्सप्लेन्स'. काय समजावतं, ते 'व्हॉट'चा क्लॉज सांगतो, आणि त्यात 'इज' शेवटी आहे, कारण तिथे कोणी प्रश्न विचारलेला नाही.